कार्डाची पाठ
(योशिवाराच्या जुन्या चित्रकार्डांच्या संग्रहाची प्रस्तावना)

१ ऑक्टोबर १९०० पासून जपानमध्ये खासगी छापखान्यांना पोस्टकार्डे छापून विकण्याची मुभा मिळाली. तोवर कार्ड काढावे ते सरकारनेच. दुसऱ्याच दिवशी, २ ऑक्टोबरला, तिथल्या गृहखात्याने परवानाधारक वेश्यांसाठी देशभर लागू होणारी एकच नियमावली काढली. किमान वय अठरा, पोलिसांकडे नोंद, ठरावीक वैद्यकीय तपासणी, नेमून दिलेल्या हद्दीतच वास्तव्य, आणि धंदा सोडायचा असेल तर त्यासाठीचा अर्ज, असे सगळे तिच्यात होते. दोन वेगळ्या खात्यांचे हे दोन हुकूम. ते लागोपाठच्या दिवशी निघाले हा योगायोग, त्यात कुणाचा डाव शोधू नये. पण पुढची तीसेक वर्षे या दोन्ही हुकमांची गाठ ज्या एका वस्तूत पडत राहिली, ती वस्तू या पुस्तकाचा विषय आहे. ती म्हणजे तोक्योच्या योशिवारा वस्तीचे चित्रकार्ड. एका बाजूला जाळीआड बसलेल्या बायका किंवा चेरीच्या फुलांनी भरलेला रस्ता, दुसऱ्या बाजूला तिकीट, शिक्का आणि पत्ता.

योशिवाराविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही, म्हणून थोडी पूर्वपीठिका द्यायला हवी. एदो शहर (आजचे तोक्यो) नव्याने वसत होते, तेव्हा तिथे पुरुषांचा भरणा फार होता आणि वेश्यागृहे गावभर विखुरलेली होती. शोजी जिन्एमोन या मालकाने १६१२ मध्ये सरकारकडे अर्ज केला की ही सगळी घरे एका जागी आणावीत, म्हणजे फरारी आणि संशयित माणसांवर नजर ठेवणे सोपे जाईल. १६१७ मध्ये परवानगी मिळाली. जागा होती बोरूच्या बेटांची दलदल. ‘योशिवारा’ म्हणजे बोरूचे रान. पुढे उच्चार तोच ठेवून चित्रलिपीतली अक्षरे तेवढी बदलली आणि अर्थ ‘शुभ मैदान’ असा झाला. १६५७ च्या मोठ्या आगीनंतर ही वस्ती आसाकुसा या भागाच्या मागे, शहराबाहेर हलवण्यात आली. जेमतेम साडेतीनशे मीटर लांब आणि पावणेतीनशे मीटर रुंद असा तो चौकोन. भोवती खंदक, आणि आत-बाहेर करायला मोठा दरवाजा एकच. जपानीत अशा वस्तीला ‘यूकाकु’ म्हणतात, आणि त्यातल्या ‘काकु’चा अर्थच मुळी कोट किंवा आवार. आत दोन-तीन हजार बायका राहत, काही काळात त्याहून बऱ्याच जास्त. बहुतेकींच्या घरच्यांनी आगाऊ रक्कम उचललेली असे आणि ती फिटेपर्यंत मुलगी त्या घराची. खंदकाच्या काळ्या पाण्याला लोक दात रंगवायच्या काळ्या रंगाचे नाव देत. बाहेरून येणाऱ्याला हा विनोद वाटत असेल, आतल्या बाईसाठी ती कुंपणाची भिंत होती.

या वस्तीची चित्रे कार्डांच्या कितीतरी आधीपासून विकली जात होती, आणि ती कुणी विकली हे पाहण्यासारखे आहे. १७५० मध्ये योशिवारातच जन्मलेल्या त्सुताया जूझाबुरोने मोठ्या दरवाजाजवळ दुकान थाटले आणि ‘साइकेन’ नावाच्या मार्गदर्शिका विकल्या. कोणत्या घरात कोण, कोणत्या दर्जाची, हे त्यांत छापलेले असे. पुढे उतामारोसारख्या चित्रकाराला पुढे आणणारा प्रकाशक हाच. उतामारोच्या ‘योशिवाराचे बारा प्रहर’ या मालिकेतल्या बायकांचा डौल आजही जगभरच्या संग्रहालयांत टांगलेला आहे. त्या चित्रांचे मोल कमी लेखायचे कारण नाही. पण त्यांतली बरीचशी वस्तीच्या जाहिरातीचे काम करत होती, आणि त्यांत खंदक अभावानेच दिसतो. १८७२ मध्ये ताकाहाशी युइचीने कोइना नावाच्या गणिकेचे तैलचित्र काढले. पाश्चात्त्य पद्धतीने, समोर दिसते तसे. ते पाहून कोइना रडली आणि हा माझा चेहरा नव्हे म्हणाली, असे सांगतात. शंभर वर्षे ज्या चित्रभाषेत ‘सौंदर्य’ बसवले गेले होते तिला पहिला तडा गेला तो इथे.

त्याच वर्षी दुसरे प्रकरण घडले. पेरूचे ‘मारिया लुझ’ हे जहाज योकोहामाला थांबले असता त्यावरच्या चिनी मजुरांना जपानी न्यायालयाने गुलामगिरीच्या कारणावरून सोडवले. तेव्हा जहाजाच्या वकिलाने विचारले, की तुमच्याकडे मुलींना करारावर विकतात त्याचे काय? उत्तर देणे भागच पडले. त्याच वर्षी वेश्यामुक्तीचा हुकूम निघाला. त्यातले तर्कशास्त्र अजब होते: या बायकांचे माणूसपण हिरावले गेले आहे, त्या गाईघोड्यांसारख्या झाल्या आहेत, आणि गाईघोड्यांकडून कुणी कर्जफेड मागत नाही, म्हणून त्यांचे कर्ज माफ. वर्षभरातच धंदा नव्या नावाने उभा राहिला. वेश्यागृह म्हणजे आता ‘भाड्याच्या खोल्या’, आणि बाई म्हणजे ‘स्वखुशीने’ खोली घेणारी भाडेकरू. १९०० च्या नियमावलीने धंदा सोडायचा हक्क दिला, तरी आगाऊ घेतलेले कर्ज डोक्यावर राहिलेच. कर्जाचे असे करार बेकायदा आहेत हे जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हणायला १९५५ साल उजाडले. आपली कार्डे या ‘स्वखुशी’च्या काळातली आहेत, हे वाचकाने पाने उलटताना ध्यानात ठेवावे.

कार्डांचे तंत्र योकोहामाच्या छायाचित्रकारांकडून आले. परदेशी प्रवाशांसाठी हाताने रंगवलेली छायाचित्रे विकण्याचा उद्योग फेलिचे बेआतोने १८६० च्या दशकात तिथे सुरू केला. कुसाकाबे किंबेईसारख्या जपानी छायाचित्रकारांनी तो वाढवला आणि योशिवाराची जाळी ही त्यातली हमखास खपणारी वस्तू ठरली. बोस्टनहून कोलोटाइप छपाई शिकून आलेल्या ओगावा काझुमासामुळे छायाचित्र शाईने कागदावर, हजारोंच्या संख्येने छापता येऊ लागले. मग १९०४-०५ चे रशियाशी युद्ध आले. टपाल खात्याने विजयाची स्मारक-कार्डे काढली, ती घ्यायला टपाल कचेऱ्यांसमोर लोकांची झुंबड उडाली, आणि चित्रकार्ड जमवणे हे देशभरचे वेड झाले. देशात कार्ड पाठवायला दीड सेन पडत, परदेशी पाठवायला चार. अल्बम विकत घेण्याची ऐपत नसलेल्या माणसालाही योशिवाराचा एक तुकडा आता खिशात घालता येऊ लागला.

कार्डाचे वय त्याच्या पाठीवरून कळते, आणि या पुस्तकाची सगळी मांडणी त्या पाठीवर उभी आहे म्हणून जरा थांबून सांगतो. १९०७ पूर्वी पाठीवर फक्त पत्ता लिहायची परवानगी होती. मजकूर लिहायचाच तर चित्राच्या बाजूला. त्यामुळे त्या वर्षांच्या कार्डांवर कुण्या प्रवाशाची शाई चित्राच्या कडेच्या कोऱ्या पट्टीत सुरू होते आणि जागा संपली की थेट चित्रातल्या बाईच्या ओच्यावर चढते. १९०७ मध्ये पाठीचा एक तृतीयांश भाग मजकुरासाठी मोकळा झाला, १९१८ पासून अर्धा. पाठ विभागणारी रेघ कुठे आहे हे पाहिले की काळ ठरला. त्याहून बारीक खूण ‘हागाकि’ या शब्दात आहे. हागाकि म्हणजे पोस्टकार्ड. जपानीत ‘क’च्या खांद्यावर दोन छोट्या रेघा दिल्या की ‘ग’ होतो. १९३३ पर्यंत कार्डावर त्या रेघा छापत नसत, म्हणजे अक्षरे ‘हाकाकि’ अशी दिसत आणि लोक वाचताना ‘हागाकि’ वाचत. अनुस्वार न देताही शब्द बरोबर वाचणाऱ्या आपल्या जुन्या पोथीवाचकांना याचे नवल वाटू नये. योकोहामाच्या तोन्बोया या दुकानाच्या कार्डांवर तिकिटाच्या चौकटीत चतुर असतो, कारण ‘तोन्बो’ म्हणजे चतुर. रंगावरून मात्र काही ठरवू नये. एकाच काचेच्या निगेटिव्हवरून छापलेल्या दोन कार्डांत त्याच बाईचा किमोनो एकीकडे लाल तर दुसरीकडे निळा असतो. रंग कुंचलेवाल्याचा, त्या बाईचा नव्हे. आणि जुन्या काचा पुन्हा वापरात येत, त्यामुळे छपाईचे साल आणि चित्राचे साल यांत मोठे अंतर असू शकते.

आता मुख्य मुद्दा. या कार्डांत सगळ्यात जास्त फिरलेले दृश्य ‘हारिमिसे’चे, म्हणजे जाळीच्या दालनाचे. रस्त्याला लागून लाकडी गजांची खोली, आत बायका ओळीने बसलेल्या. पुढ्यात निखाऱ्यांचे भांडे आणि लांब दांडीची चिलीम, पाठीमागे सोनेरी पडदे. हा सगळा मांड संध्याकाळी दिवे लागल्यावर मांडला जाई. त्या काळच्या कॅमेऱ्याला रात्र टिपणे अवघड, तेव्हा चित्रे काढली गेली दिवसाउजेडी, म्हणजे खास बसवून. कार्डाची चौकट आणि जाळीची चौकट यांचे काम एकच आहे असे माझे म्हणणे आहे. आतली बाहेर येऊ शकत नाही, बाहेरच्याने थांबून न्याहाळावे, आणि न्याहाळण्याला किंमत असावी. कार्डाने योशिवाराची नोंद ठेवली असे आपण सहज म्हणून जातो. मला वाटते त्याने योशिवाराचे दालन लांबवले, मोठ्या दरवाजापासून टपालपेटीपर्यंत आणि तिथून हॅम्बर्ग-सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत. याला इतिहासानेच दुजोरा दिला आहे. १९१६ मध्ये तोक्योत जाळीआड बसवण्यावर बंदी आली, तेव्हा घरांनी दर्शनी भागात बायकांच्या जागी त्यांची छायाचित्रे लावली. बाईच्या जागी कागद चालतो हे तोवर सगळ्यांना ठाऊक झाले होते, आणि ते पटवून देण्यात कार्डांचा वाटा मोठा आहे.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. चित्रे बसवून काढलेली, रंग मनाचे, साल अनिश्चित, तर मग पुरावा म्हणून त्यांची लायकी काय? लायकी आहे, पण ती चित्राच्या मध्यभागी नाही. लाकूडठशाच्या चित्रकाराला नको ते वगळता येते. छायाचित्रकाराच्या काचेवर मात्र त्याने न मागितलेलेही उमटते. नाकानोचो हा मधला रस्ता. दर वसंतात तिथे फुलावर आलेली चेरीची झाडे आणून लावत आणि बहर सरला की उपटून नेत. कार्डावर ती फुले आहेतच, पण त्यांच्या वरून विजेच्या तारा गेल्या आहेत, कादोएबी या घराच्या डोक्यावर घड्याळाचा मनोरा आहे, दरवाजाच्या लोखंडी कमानीवर दिव्याचा गोळा उचलून धरलेली स्त्रीमूर्ती उभी आहे. ‘जुन्या जपानचे स्वप्न’ विकणाऱ्या कार्डात विसाव्या शतकातला एक कारखाना दिसतो: वीज, घड्याळ, पाटी, पाळी. मथळ्यांचेही तसेच. इंग्रजीत खुशाल ‘गेइशा’ छापलेले असते, आणि बाईच्या किमोनोचा पट्टा पुढे बांधलेला असतो. पुढे गाठ म्हणजे ओइरान, वरच्या दर्जाची वेश्या. गेइशाची गाठ मागे. गेइशाचा धंदा नाचगाण्याचा आणि परवानाही वेगळा. हा घोळ अज्ञानाचा होता की खपाचा, हे प्रत्येक कार्डागणिक ठरवावे लागेल. माझा कल खपाकडे आहे.

या कार्डांकडे आजवर कुणी कसे पाहिले याचे ढोबळ प्रवाह सांगता येतात, ते एकमेकांत मिसळलेले आहेत. सगळ्यात जुने संग्राहक. छापखान्याच्या खुणा, पाठीच्या रेघा, शिक्क्यांच्या तारखा हे ज्ञान त्यांनी जमवले, आणि विद्यापीठातल्या मंडळींनी त्यांचे ऋण पुरेसे मानलेले नाही. कलेच्या अभ्यासकांचे लक्ष बोस्टनच्या ललितकला संग्रहालयातल्या लॉडर संग्रहाने वेधून घेतले. २००४ मध्ये त्याचे प्रदर्शन झाले आणि जपानी चित्रकार्ड ही कलावस्तू म्हणून मान्य झाली. मात्र त्या नजरेला चित्रकारांनी काढलेली देखणी कार्डे दिसतात, रस्त्यावरची स्वस्त कोलोटाइप कार्डे फारशी नाहीत. तिसरा प्रवाह वस्तीच्या इतिहासाचा. १८९९ मध्ये द बेकर या इंग्रज वकिलाने ‘द नाइटलेस सिटी’ लिहून नियम, दर, रीतिरिवाज यांची नोंद केली. १९९३ मध्ये सेसिलिया सेगावा सेइगले यांनी एदोकालीन योशिवाराच्या संस्कृतीचा सविस्तर इतिहास दिला, आणि २०१२ मध्ये एमी स्टॅनली यांनी बाजार, कुटुंब आणि कर्ज यांच्या अंगाने हा सगळा व्यवहार पुन्हा मांडला. चौथी नजर अल्जीरियातून आली. मालेक अलूला यांनी १९८१ मध्ये फ्रेंच वसाहतीतल्या स्त्रियांच्या पोस्टकार्डांवर लिहिले, तेव्हापासून कार्डावरच्या बाईकडे पाहणाऱ्याला ‘हे कुणासाठी काढले?’ हा प्रश्न टाळता येत नाही. त्या पुस्तकाचा उपयोग होतो, पण ते योशिवाराला जसेच्या तसे लागू पडत नाही. इथे काढणारे जपानी, विकणारे जपानी, आणि गिऱ्हाइकांतही जपानी पुष्कळ. परक्याच्या नजरेवर सगळा ठपका ठेवून मोकळे होणे इथे चालणार नाही.

हा विषय आत्ताच का? कारण जपानमध्ये तो नुकताच ऐरणीवर आला. २०२४ च्या वसंतात तोक्यो कलाविद्यापीठाच्या संग्रहालयात योशिवारावर मोठे प्रदर्शन भरले. त्याच्या सुरुवातीच्या जाहिरातीत झगमगाटच होता, त्यावर टीका झाली आणि आयोजकांना भूमिका खुलासेवार मांडावी लागली. २०२५ मध्ये त्सुताया जूझाबुरोच्या जीवनावर वर्षभर चालणारी दूरचित्रवाणी मालिका आली, आणि पहिल्याच भागातल्या मेलेल्या वेश्यांच्या दृश्यावरून वाद पेटला. एका बाजूचे म्हणणे असे की फॅशन, साहित्य, मुद्रण, नाटक या सगळ्याला योशिवाराने पोसले, ते नाकारून कसे चालेल? ते नाकारू नयेच. पण या वादात बायका नेहमी ‘प्रेरणा’ म्हणून येतात, कर्जदार म्हणून नाही. मिनोवाच्या जोकान-जी देवळाला ‘फेकून देण्याचे देऊळ’ असे टोपणनाव पडले होते. बेवारस मेलेल्या सुमारे पंचवीस हजार बायकांची तिथे माती झाली असे म्हणतात. कार्ड हे या दोन्ही बाजूंना अडचणीचे साधन आहे, कारण त्याच्यावर झगमगाट आणि किंमत एकाच वेळी छापलेली आहे. वस्तीतल्या बाईचा स्वतःचा शब्द हवा असेल तर तो इतरत्र शोधावा लागतो. मोरी मित्सुको ही तरुणी १९२६ मध्ये योशिवारातून पळाली आणि त्याच वर्षी तिची रोजनिशी पुस्तकरूपाने निघाली. चित्रात दिसणाऱ्या पडद्यांमागे हिशेब कसा चालायचा हे तिच्याकडून कळते. या पुस्तकातल्या टिपणांनी तिला वारंवार साक्षीला बोलावले आहे.

सगळ्यात कठीण प्रश्न १९२३ चा. १ सप्टेंबरच्या भूकंपानंतर योशिवारा पेटले. आगीतून वाचायला बायका वस्तीलगतच्या बेन्तेन तळ्याकडे धावल्या आणि तिथेच बुडून, भाजून, चेंगरून मेल्या. आकडा सुमारे ४९० सांगितला जातो. त्या प्रेतांची छायाचित्रे निघाली, त्यांची कार्डे झाली, पोलिसांच्या बंदीला न जुमानता ती विकली गेली. आकुतागावा आणि कावाबातासारखे लेखकही ते तळे पाहायला गेले होते. दालनात बसवलेल्या बाईचे कार्ड आणि तळ्यातल्या बाईचे कार्ड एकाच आकाराचे, एकाच बाजारातले. माझा युक्तिवाद इतक्या ढळढळीतपणे दुसरे काहीच सिद्ध करत नाही. आणि नेमका इथेच दुसरा आक्षेप येतो: मग तुम्ही ही चित्रे पुन्हा छापून तेच दालन पुन्हा उघडत नाही का? हा आक्षेप खोटा नाही. त्याला पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, मर्यादा घालण्याइतके आहे. तळ्याचे एकही चित्र या पुस्तकात नाही, फक्त त्या कार्डांच्या पाठी आहेत. बाकीच्या कार्डांचीही पाठ आधी आणि चित्र पान उलटल्यावर येते. कुणी, कुठून, कुणाला, किती पैशांत, हे वाचल्याशिवाय बाई दिसू नये, एवढीच या मांडणीची अपेक्षा.

मराठी वाचकाला हे वाचताना मुंबई आठवेल. आठवावी, कारण धागा खरा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जपानी बायका कामाठीपुऱ्याच्या परिसरात धंद्यासाठी आणल्या गेल्या होत्या. परदेशी गेलेल्या अशा स्त्रियांना जपानीत ‘कारायुकी-सान’ म्हणतात. १८९३ मध्ये टाटांच्या सहभागाने मुंबई-कोबे जहाजसेवा सुरू झाली. तिच्यामागे कापूस होता, पण वाट सगळ्यांसाठीच खुली झाली. फॉकलंड रोडच्या ‘पिंजऱ्यां’चे गज पाहिलेल्या माणसाला हारिमिसेचे गज ओळखीचे वाटतील, मात्र तेवढ्यावर दोन्ही एकच समजू नये. योशिवारा कोट घालून, नोंदवही ठेवून, सरकारी परवान्याने चालवलेली वस्ती होती, आणि त्या परवान्याची लेखी कागदपत्रे आहेत. याच कारणाने या पुस्तकात ‘कलावंतीण’ आणि ‘नायकीण’ हे शब्द टाळले आहेत. त्यांना आपल्याकडचा वेगळा इतिहास चिकटलेला आहे.

परवान्याची ही व्यवस्था १९४६ मध्ये रद्द झाली, आणि वस्तीतला धंदा १ एप्रिल १९५८ रोजी कायद्याने बंद पडला. १९६६ मध्ये योशिवारा हे नावही पत्त्यांतून गेले आणि तो भाग आता सेन्झोकु म्हणून ओळखला जातो. निघताना गिऱ्हाईक जिथे वळून पाही तिथला ‘मागे वळून पाहण्याचा विलो’ नव्याने लावलेला आहे, पेट्रोल पंपाशेजारी. उरली ती कार्डे, आणि ती सगळी जपानमध्ये नाहीत. कापसाच्या व्यापारासाठी, शिक्षणासाठी, बोटीवरच्या नोकरीसाठी आपल्याकडून त्या काळी माणसे जपानला गेली, आणि त्यांनी घरी कार्डे धाडली. जुन्या ट्रंकेत, आजोबांच्या वहीत असे एखादे कार्ड हाती लागले, तर एक विनंती आहे. तिकिटाच्या लोभाने त्याचा कोपरा पाण्यात भिजवू नका. शिक्का गेला की तारीख जाते, शाई पसरली की पाठवणारा जातो, आणि मग हातात उरते ती नुसती जाळीआडची बाई.